बाहेर बसलेल्या मुली

आई, तुझी ती सबब आज चालली नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अडीनडीला उपयोगी पडेल म्हणून मी ती जपून ठेवली होती. तू शिकवलेल्या मराठी अक्षरांत हे लिहिते आहे. घरात आता ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येतं.

तू तंजावरजवळ पापनाशमच्या शाळेत शिकवायचीस आणि मी त्याच शाळेत सहावीत. एखादा पुढारी यायचा असला की शाळेला निरोप यायचा, वरच्या वर्गातल्या मुली मांडवाच्या दारात पाहिजेत. गुलाबदाणी, चंदनाची वाटी, खडीसाखरेचं ताट, सगळं लग्नातल्यासारखं. तू घरी करवादायचीस, "दारात घरच्या पोरीनं उभं राहायचं. हे कुणाचं घर?" शाळेत मात्र तू हेडमास्तरांपुढे मान खाली घालून हळूच सांगायचीस, ही बाहेरची आहे, तीही बाहेर बसलेली, मंगल ताटाला हात कसा लावणार? हेडमास्तर कावरेबावरे व्हायचे आणि पुढे एक शब्द विचारायचे नाहीत. शेवटी गुलाबपाणी शिंपडायला शाळेचा शिपाई उभा राहायचा, आणि पुढाऱ्याचा सदरा भिजून चिंब व्हायचा.

एकदा तू स्वयंपाकघरात नारळ खवते आहेस आणि मी शहाणपणा करून विचारते, "पण बाहेरची म्हणालीस ती अक्का तर सकाळी देवळात होती. मी पाहिलं." तुझा हात थांबतो. "पाहिलीस तर पाहिलीस. आता गावभर सांगूंलीस की काय?" मी रडकुंडीला आलेली पाहून तू माझ्या हातावर खोबरं ठेवतेस. "नाही म्हणालों तर उद्या बदली. हे म्हणालों तर कोण काय करणार?" तुझ्यासारखी हुशार बाई जगात नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही वाटतं, हीच पंचाईत आहे.

मी तंजावरबाहेरच्या एका खासगी कॉलेजात कॉमर्स शिकवते. संस्थेच्या मालकांना नुकतंच पक्षात पद मिळालं आहे, आणि उद्या त्या पक्षाची सभा. कॉलेजच्या बस तिकडेच जाणार, हजेरी मैदानावर, न येणाऱ्याचे इंटर्नल मार्क कापणार. दारात उभ्या राहायच्या मुलींना पक्षाच्या रंगाच्या साड्या आल्या आहेत आणि त्या मुली माझ्या गळ्यात. त्यातली एक तिरुवैयारुकडची, आपल्यातलीच. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र तमिळ. तिनं साडी घडीसकट माझ्या टेबलावर परत ठेवली. "मॅडम, मी येणार नाही. यंदा माझं पहिलं मत आहे, आणि ते मी त्यांना देणार नाही. मग त्यांच्या दारात कशाला उभी राहू?"

मी दार लोटून घेतलं आणि तुझी युक्ती तिला सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "पण मी बाहेरची नाही, मॅडम. खोटं कशाला? यायचं नाही, एवढंच सांगा ना."

तरी प्रिन्सिपलच्या खोलीत, तिला शेजारी उभी ठेवून, मी तेच सांगितलं. आमच्या प्रिन्सिपल बाई माझ्याहून तरुण. त्या हसल्या. "हे आजकाल कोण पाळतं? पॅड माझ्याकडे आहे, देते. ताट नको तर खुर्चीवर बसू दे." ती पोरगी म्हणाली, "मला काही झालेलं नाही, मॅडम. मला यायचं नाही." बाईंचं हसू गेलं. "मग मार्क विसर." ते मार्क गेले तर ती नापास होते, आणि नापास झाली की शिक्षण संपलं, घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरूच आहे.

दुपारपासून मला तुझा राग येतो आहे आणि रागाची लाजही वाटते. एकट्या पगारावर मला वाढवत होतीस, दुसरं काय करणार होतीस? पण आई, तू दरवेळी मुली वाचवल्यास आणि दरवेळी पुन्हा निरोप आला. त्या शाळेत कुणी 'नाही' म्हणालं, हे कुणाला कळलंच नाही. त्या मुलींनासुद्धा नाही. त्यांना वाटलं, बाईंनी आज सुट्टी मिळवून दिली.

संध्याकाळी बसस्टॉपवर ती पुन्हा भेटली. उद्या सकाळी बस सुटायच्या आधी मालक स्वतः गेटवर येणार आहेत, त्यांना ती हेच सांगणार आहे. रडून डोळे सुजले होते, आवाज मात्र बरा होता. "तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहाल ना?" मी म्हटलं, राहीन. तिनं माझा हात दाबला आणि तिची बस आली.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तुला सांगते. राहीन म्हणताना मी मनात ठरवत होते, की उद्या सकाळी ताप आला म्हणून कळवावं. फोन जवळच आहे. अजून कळवलेलं नाही.