औषधानं मोडलेला उपास

३ फेब्रुवारी १९९६
बाळंतपणाला आलेल्या लेकीला, पद्माला, डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टाके भरलेत. बाळ बरं आहे, नाक सौ.चं. गरोदरपणात पद्माला साखर झाली होती, ती गेली की राहिली ते बघायचं म्हणाल्या. उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी, दोन तासांनी पुन्हा रक्त.
सौ. म्हणाली, "बाळ झालं, साखरही गेली." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "गेली असली तरी पुढे परत येऊ शकते. तपासत राहायला हवं."
आईचं पाऊल आठवलं. तिची साखर पाऊल काळं पडल्यावर कळली.

९ फेब्रु.
फुकट गेलं. सुई टोचण्याआधी रक्त घेणाऱ्यानं विचारलं, काही खाल्लं का? पद्मा : "नाही. नुसतं लेह्य."
पहाटे सौ.नं बाळंतिणीचं लेह्य दिलेलं. लिंबाएवढा गोळा, निम्मा गूळ, वर तूप. परत पाठवलं.
रिक्षात चिडलो. सौ. म्हणाली, "औषधानं कधी उपास मोडतो? एकादशीला चूर्ण घेता, ते काय मग?"
एकादशीपुरतं तिचं खरंच आहे.

१० फेब्रु.
पूजेला बसलो, मन लागेना. देव भाव बघतो. रक्ताला कुठला भाव, त्याला गूळ म्हणजे गूळ. मध्येच उठलो, लेह्याची बरणी माझ्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं. आरती नंतर.
सौ.नं रसम वाढलं, बिनमिठाचं. दोनदा मागून घेतलं.

१३ फेब्रु.
कुंभकोणमहून विहीणबाईंचा फोन, शेजारच्या घरी. परवा मुहूर्त चांगला आहे, पद्माला न्यायला गाडी घेऊन येतात. म्हटलं, त्याच सकाळी तपासणी.
"तपासून काय मिळणार, व्याहीबुवा? नसता रोग नावाला लागेल. दुसरं मूल नको का आमच्या घरात?"
"हवं की. म्हणूनच."
"मुहूर्त टळेल."
"टळू दे."
विहिणीला असं कधी बोललो नव्हतो. शेजारीण कान देऊन ऐकत होती. असो.

१५ फेब्रु.
पहाटे पद्माबरोबर मीही उपाशी. सौ.नं बघितलं. माझी कॉफी न विचारता ओतून टाकली, बाळाला घेऊन रिक्षात येऊन बसली.
ग्लुकोज पिताना पद्मा म्हणाली, "अप्पा, याच्यापेक्षा लेह्य बरं हो." सौ. हसली. पाच दिवसांनी.
दोन्ही रक्तं दिली. निकाल उद्या.
घरी आलो तर दारात गाडी, ओसरीवर विहीणबाई. मांडीवर बरणी, स्वतः केलेल्या लेह्याची.
"झालं ना तुमच्या मनासारखं? आता निघू. मुहूर्त अजून थोडा आहे."
मी तोंड उघडणार, तर पद्माच सासूला म्हणाली. "अत्ते, तुम्ही गाडीनं पुढे व्हा. उद्या निकाल घेऊन मी बसनं येते. आणि ते लेह्य तोवर नको."
विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी शिकवल्यासारखं. देवाशपथ शिकवलं नव्हतं.
ऊन ओसरीवर आलंय. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. विहीणबाई तिथंच बसून आहेत, बरणी मांडीवर. पद्मा आत बाळाला पाजतेय.
सौ.नं आणखी एका माणसाचे तांदूळ धुवायला घेतलेत.