डबा बडवणारी गाइड

३० नोव्हेंबर
ओकले! होडीतला पहिला दिवस आणि सगळी न्याहारी समुद्राला. होडीवाले विनोदभाऊ म्हणाले, तुम्ही कैनाडची माणसं भातशेतीतच बरी. महिनाभर मला डॉल्फिन दाखवायला गाइड म्हणून ठेवून बघणार. जमलं तर कायम. नाही तर पुन्हा चिकूच्या वाडीत तोडणीला. नको रे बाबा!

३ डिसेंबर
आज पाहुण्यांना नियम सांगितले — लांबून बघायचं, डॉल्फिन दिसले की इंजिन बंद, मागे लागायचं नाही, आवाज नाही. माझं बोलणं संपतंय तोच पाण्यातून पाठी वर आल्या. आणि मी काय केलं? पाणी उपसायचा डबा उचलला, होडीवर बडवला आणि ओरडले — हुर्र्र!
काय करू? लहानपणापासून भातावरची पाखरं हाकललीत. काही आलं की हात आपोआप डब्याकडे जातो. डॉल्फिन गायब. पाहुणे पाण्याऐवजी मलाच बघत बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ डिसेंबर
भाऊंनी डबा स्वतःच्या पायाखाली दाबून ठेवला. दिवसभर!

७ डिसेंबर, रविवार
सुरतेचे एक शेठ आले. मोठा कॅमेरा. एक मादी दिसली, सोबत पिल्लू. शेठ म्हणे अजून जवळ घ्या, दर रविवारी गिऱ्हाईक पाठवतो. भाऊ आधी नाही म्हणाले. मग इंजिन चालू केलं. मी नियम सांगितला. "एकदाच गं," म्हणाले, माझ्याकडे न बघता.
ती वळली की आम्ही वळायचो. पिल्लू आईला चिकटून पळत होतं, दर खेपेला वर यायला उशीर करत होतं. मला फार राग आला. भाऊंच्या पायाखालून डबा ओढला आणि बडवला. हुर्र्र! आवाज न करण्याचा नियम मीच मोडला — पण आज हात आपोआप गेला नव्हता. मी नेला.
भाऊ दचकले, इंजिन बंद पडलं. दोघं खोल गेली, पार लांब निघाली. शेठच्या व्हिडिओत नुसतं पाणी आणि माझं बोंबलणं.
काठावर उतरताना भाऊ म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

८ डिसेंबर
आईने चिकूच्या टोपल्या बाहेर काढल्या. शेठने व्हिडिओ टाकलाय. पाड्यावरची पोरं मला बघून हुर्र्र करतात. रडू येतंय आणि हसूही.

९ डिसेंबर
विनोदभाऊ घरी आले! चहा संपवला. मग म्हणाले, "उद्यापासून इंजिनवर तू बस. पाहुण्यांनी गळ घातली की माझा हात आपोआप जातो."
जाताना डबा ओट्यावर ठेवून गेले.