बाईसाहेबांच्या पाठीवर

मार्च २

चावली. खांद्याला. नवा शर्ट गेला! पण राग धरला नाही, चूक माझीच. न विचारता मानेवर हात टाकला. तीन वर्षांची घोडी, पाठीवर आजवर माशीशिवाय कोणी बसलेलं नाही, आणि मी जुन्या ओळखीचा असल्यासारखा गळ्यात पडतोय. सगळे तिला बाईसाहेब म्हणतात ते उगाच नाही.

संध्याकाळी मालक कुंपणाशी आले. म्हणाले, तीस तारखेपर्यंत तिच्यावर माणूस बसलेला दिसला पाहिजे, नाहीतर एक तारखेपासून ती फौजदारांकडे. फौजदार म्हणजे आमच्याच तबेल्यातले दुसरे शिकवणारे. हुद्दा नाही, वागणं तसं. पाय बांधतात, चाबूक ओढतात आणि चार दिवसांत घोडं सरळ करून देतात. सरळ होतं खरं. पण मग ते कोणाच्या हाकेला कान टवकारत नाही. बाईसाहेबांचं तसं झालेलं मला बघवणार नाही.

मार्च ३

बाईसाहेबांच्या दारावर कागद चिकटवला. एकूण नऊ पायऱ्या. पहिली — खोगीर जमिनीवर ठेवून हुंगू देणे. नववी — बसणे. मार नाही, घाई नाही. तिने मान खाली घातली, ओठ चघळले म्हणजे तिला पटलं. पटलं तरच पुढची पायरी.

चिकटवण्याआधी घरी हिने कागद नीट वाचला. म्हणाली, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मला कधी विचारलंत, पटलं का म्हणून?"

मी म्हटलं, तू मान खाली कधी घालतेस?

आज जेवण फार उशिरा मिळालं.

मार्च ७

खोगीर हुंगलं. चाटलं. पट्टा थोडासा खाल्ला. प्रगती आहे.

मार्च ९

आज पोतं. खोगिरावर भुशाचं पोतं बांधलं, त्याला माझा जुना कोट घातला, वर टोपी. बाईसाहेब दोनदा वळून बघून पुन्हा चरायला लागल्या. गडबड केली ती नालबंदाने. लांबून आला, पोत्याला नमस्कार केला, हवापाण्याचं बोलला, नाल कधी बदलायचे ते विचारलं. उत्तर येईना, तेव्हा चिडून मला शोधत आला — माझीच तक्रार माझ्याकडे! खरा प्रकार कळल्यावर ओशाळायचं सोडून म्हणतो कसा, "पण बसलंय झकास. तुमच्यापेक्षा ताठ."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

मार्च १२

आठवी पायरी. तिच्या पाठीवर पोटावर आडवा पडलो, धुणं वाळत घालतात तसा. ती हलली नाही. मान खाली, ओठ चघळले. पटलं होतं तिला. आता फक्त उजवा पाय पलीकडे टाकायचा होता.

टाकला नाही. खाली घसरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, आज पुरे, घोडी दमली. घोडी निवांत गवत खात होती.

मार्च १३

इथे कोण वाचतंय, खरं लिहितो. दोन वर्षांपूर्वीचा तो काळा घोडा. तयार नव्हता, मला दिसत होतं. पण मालकांचे पाहुणे बघत होते, म्हणून मीच टाच मारली. पडलो, खुबा मोडला, चार महिने खाटेवर. आणि घोडा वाईट चालीचा ठरून विकला गेला. चाल माझी वाईट, शिक्षा त्याला. तेव्हापासून मी एकाही घोड्यावर बसलेलो नाही. सगळ्यांना वाटतं खुब्यामुळे. हिलाही तेच सांगितलंय. डॉक्टर तर वर्षापूर्वीच म्हणाले होते, बसा खुशाल.

मला भीती वाटते. तीस वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाला! लाज वाटते लिहितानासुद्धा.

मार्च १६

कागदावर पायऱ्या वाढवल्या. उघडी छत्री दाखवणे. पत्रा वाजवणे. ओला रेनकोट झटकणे. जवळ उभं राहून शिंकणे. एकूण तेवीस झाल्या.

ही दोन दिवस झाले दुपारचा डबा घेऊन स्वतः तबेल्यात येते. कागद बघून म्हणाली, "जिना बांधताय का?" मी म्हटलं, घोडीच्या मनाची तयारी आहे ही. ती बरं म्हणाली. जेवण झाल्यावर मला आडवं व्हायला लावते, तोवर घोडीकडे बघते म्हणते. हिच्या वडिलांची घोडागाडी होती, घोड्यांतच वाढली. मी बिनघोर झोपतो.

मार्च २१

फौजदार कुंपणाला टेकून बघत होते. मी घोडीसमोर शिंकत होतो. बारावी शिंक झाल्यावर म्हणाले, घोडं पेंड कुठे खातंय ते तरी सांगा. मी म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे. ते म्हणाले, असू दे, घोडामैदान जवळच आहे.

चाबकाइतक्याच म्हणी बाळगतो हा माणूस.

मार्च २५

नवल! मी रिकिबीला हात लावला की बाईसाहेब आपणहून चारी पाय रोवून उभ्या राहतात. कोणी शिकवलं? माझ्या पद्धतीने! घोड्यांची निगा राखणाऱ्या सगळ्या मोतद्दारांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, मग बसा की. मी म्हटलं, अजून अठरावी पायरी चालू आहे.

मार्च २८

ताप आला असं सांगितलं. हिने लगेच थर्मामीटर लावला. नाही.

मार्च २९

फौजदारांनी आज दोराला तेल लावून तो बाईसाहेबांच्या दारात टांगला. बाईसाहेबांनी तो हुंगला, मग ओठ चघळले. नवीन वस्तू दिसली की भरवशाने हुंगायचं — ही सवय मी लावली तिला. जेवण गेलं नाही.

मार्च ३०

बसलो!!

मालक, फौजदार, नालबंद, मोतद्दार, ही — सगळे कुंपणाशी. हात घामाने निसटत होते. दोनदा रिकिबीतून पाय काढला. मग तो तेलाचा दोर आठवला आणि पाय पलीकडे गेला. कसा ते माहीत नाही. बाईसाहेब दगडासारख्या उभ्या. मग चालल्या. एक फेरी, दुसरी, आणि दुडकी! मी आयाळ दोन्ही मुठींत धरली, तिचा एक कानही हलला नाही. मालक म्हणाले, घोडी तुमच्याकडेच राहील. फौजदार दोर घेऊन गेले. उतरल्यावर तिच्या मानेत तोंड खुपसून रडलो. आधी विचारून.

तिच्या पाठीवर बसलेला जगातला पहिला माणूस मी! हिला तीनदा सांगितलं. भाजी चिरता चिरता तीनदा हो म्हणाली.

मार्च ३१

सकाळी तबेल्यात गेलो तर ही मैदानात, बाईसाहेबांच्या पाठीवर, पदर खोचून, दुडकीत. दोन फेऱ्या मारून माझ्यासमोर थांबली.

"सोळा दिवस बसतेय, दुपारी तुम्ही झोपलात की," म्हणाली. "घोडी पहिल्याच दिवशी तयार होती. आम्ही दोघी तुमच्यासाठी थांबलो होतो."