मोठ्या ड्रममधलं पांघरूण

सोमवार, ३ नोव्हेंबर

हे बाहेर पडले आणि नेमका तेव्हाच तो आला! टेम्पोतून चार पिंपं उतरवली — बिनतळाची, बिनझाकणाची, नुसती पोकळ लाकडी. ह्यांनी सांगून ठेवलं होतं, एक म्हातारा ड्रमवाला जुनी शेलं, म्हणजे ड्रमची नुसती लाकडी अंगं, आणून देणार आहे, त्यांतून जुन्या धाटणीचा अख्खा सेट उभा करायचाय. मला वाटलं होतं, काहीतरी ऐटबाज असेल. ही तर भंगारवाल्याने फुकटसुद्धा नेली नसती. एकावरचं चकचकीत वेष्टण सोललेलं, दुसऱ्याला भोकंच भोकं.

म्हातारा उंच, खांद्यातून वाकलेला. डोक्यावरची टोपी घरात आल्यावरही काढली नाही. म्हणाला, "ताई, तीन माझी आहेत. चौथं दुसऱ्याच सेटमधलं. त्यांचं जमवून द्यायचं काम तुमच्या यजमानांचं." मग सगळ्यांत मोठ्या पिंपावर हात ठेवून, हळूच — "ह्याच्या आत पांघरूण आहे. कामापुरतं काढा, पण परत तेच आत ठेवायचं. तेच. एवढा निरोप द्या त्यांना."

चहा विचारला. नको. पाणी? तेही नको.

लेक पलंगावरून ओरडली, "आई, कोण आलं गं?" डॉक्टरीणबाईंनी तिला उठूच नको म्हटलंय. आठवा लागलाय. दोनदा आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आलो. ह्या खेपेला पूर्ण दिवस जाऊ देत. देवा, दुसरं काही मागत नाही. रोज तेवढंच मागते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पांघरूण काढलं. हे म्हणतात, मोठ्या ड्रमचा दणका बसका व्हावा म्हणून आत कापडाचा बोळा कोंबतात. बोळा कसला! नीट घडी घातलेलं, चार ठिकाणी सुतळीने बांधलेलं, मधोमध खोलगट जागा राखलेली. त्या खोलगट जागेत हात घातला तर ऊबदार लागलं. ऊन लागलं असेल म्हटलं.

पिंपं ठेवलीत त्या खोलीत ऊन येतच नाही. हे आत्ता लिहिताना आठवलं.

लोकर मात्र काय सुरेख! निळसर राखाडी, दुपदरी, कसर नाही, भोक नाही. लहान मुलाच्या अंगाएवढं पांघरूण. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं — चारशे दहा ग्रॅम भरलं. आजकाल असली लोकर मिळते कुठे?

ह्यांना म्हटलं, "आत नुसत्या चिंध्या होत्या, टाकून दिल्या."

खोटं बोलले. म्हाताऱ्याचा निरोपही गिळला. पण म्हणते, एवढी हौस करणाऱ्या माणसाचं एका पांघरुणावाचून काय अडणार आहे? आमची जुनी चादर घालीन आत. दणका बसका झाल्याशी कारण. चांगली वस्तू अंधारात कोंडून ठेवायची म्हणजे नासाडीच की, आणि नासाडी देवालाही आवडत नाही. — असं सकाळपासून स्वतःला चारदा सांगून झालं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पांघरूण धुतलं. तीन पाणी काळीकुट्ट निघाली. चौथं पांढुरकं, दूध सांडल्यासारखं. वासही तसलाच — अंगावर पिणाऱ्या मुलाच्या मानेला येतो तो. परत साबण लावला.

वाळल्यावर उसवायला घेतलं. एक टोक हाती लागलं आणि सरसर शेवटपर्यंत एकच धागा! मधे एक गाठ नाही. विणणारी कोण बाई असेल, हात जोडावेत तिला.

टोपडं आणि मोजे विणायला घेतले. लेक म्हणते, "आई, दुकानात मिळतात गं तयार." म्हटलं, "मिळतात ना. दोन धुण्यांत तुझ्या बाबांच्या बनियनसारखे होतात."

खूप हसली. किती दिवसांनी हसली पोर.

रविवार, ९ नोव्हेंबर

हे रंगात आलेत. कारखान्यात चाळीस वर्षं खुर्च्या-कपाटं केली, पण असं लाडाने लाकडाला हात लावताना मी कधी पाहिलं नव्हतं. "जुनं लाकूड पाणी प्यायचं थांबतं. मग त्याचा आवाज खरा लागतो," म्हणाले. म्हटलं, "तुमचंही जुनं झालंय की लाकूड, तुमचा कधी लागायचा?" नुसते मिशीत हसले.

चौथं पिंप कापून लहान केलं. सगळ्यांची भोकं बुजवली. आता कडा. टेबलावर जाड काच, काचेवर पॉलिशपेपर चिकटवलेला, त्यावर पिंप पालथं घालून गोल गोल घासायचं. कड इतकी सपाट हवी की खालून नखसुद्धा जाऊ नये. मग साध्या काचेवर ठेवायचं, आत दिवा सोडायचा, खिडक्या लावून घ्यायच्या आणि कडेखालून कुठे उजेड गळतो ते पाहायचं. ह्यांच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून मला बसवलं.

लहान तिन्ही ठीक. मग मोठं. त्याच्या कडेखालून केसाएवढी उजेडाची रेघ येत होती. एका जागी तुटलेली, बोटभर. म्हटलं, तेवढीच जागा बरोबर बसली असेल. तेवढ्यात ती तुटलेली जागा सरकली. डावीकडून उजवीकडे, सावकाश. थांबली. परत मागे आली.

आत दिव्यापुढून कोणी रांगत गेलं तर असंच दिसेल.

"हललं का हो काही?"

"तुझं डोकं हललं," हे म्हणाले आणि खिडकी उघडली.

सोमवार, १० नोव्हेंबर

दुपारी तीनला आवाज. धप्-धप्. जरा थांबून, धप्-धप्. लेक म्हणाली, "बाबांना सांग ना थांबायला, आत्ता डोळा लागत होता." बाबा घरात कुठे होते? स्क्रू आणायला गेले होते.

खोलीत गेले. मोठं पिंप जमिनीवर आडवं. अजून कातडं नाही, काही नाही, दोन्हीकडून उघडं. हात लावला. गार. इतकं गार की तळहात चटकन मागे घेतला. पांघरूण होतं तेव्हा आतून ऊबदार होतं ते.

पाच माळा जप केला. तिसरीत मोजणी चुकली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजही तीनलाच. सकाळी पिंपात घडी करून घातलेली चादर बाहेर पडलेली होती — मुलं झोपेत पायाने पांघरूण लाथाडतात ना, तशी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

माझ्या आंघोळीच्या बादलीत कातडी भिजत घातलीत! देवाचा कोपरा भिंतीपलीकडे, आणि ह्यांनी अलीकडे कातडी भिजवलीत! जुन्या धाटणीचा सेट म्हणजे प्लॅस्टिक चालत नाही म्हणे. "बादली नवी आणून द्यायची," म्हटलं. "धुऊन घे की," म्हणाले. नाही धुणार. ती बादली आता जन्मभर ड्रमचीच.

संध्याकाळपर्यंत ओली कातडी कड्यांवर चढवून झाली. मोठ्यात चादर घालून बांधून टाकली, वर दोन्हीकडून कातडं. तीनच्या आवाजाचं शेवटी विचारलंच.

"कातडं वाळताना ताणतं. आवाज करणारच."

"आणि कातडं चढवायच्या आधी?"

"लाकूड आकसतं."

ह्यांच्याकडे प्रत्येक आवाजाचं उत्तर तयार. उजवा कान कारखान्यातच ठेवून आलेत, उत्तरं तेवढी घरी आणलीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज नुसतं धप्-धप् नव्हतं. मधेमधे कातडं खरवडल्यासारखं होत होतं. आतून. मी दाराशी उभी राहून नाव घेत होते देवाचं. आत पाऊल टाकवलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लेकीची कंबर फार दुखते. पोटावरून घ्यायचा रुंद पट्टा विणून ठेवला होता, त्याच लोकरीचा. जेवणानंतर बांधला. तीन वाजायला आले तशी मी घड्याळाकडे बघत बसले.

काही नाही. सव्वातीन. साडेतीन. ड्रम गप्प.

लेक शांत झोपली होती. उठली ती दोन्ही हात पोटावर ठेवूनच. "आई, काय ऊब आहे गं ह्यात!" आणि हसत, "आज ह्याला किती हातपाय फुटलेत बघ!"

हात ठेवून पाहिला. खरंच चळवळ चालली होती. सुखरूप आहे. देवाला साखर ठेवली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सेट पूर्ण झाला. शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं पांढरं, झळाळतं वेष्टण. मोठ्याला लाकडी कडी. कातडं ताणायचे जुनेच धातूचे कान, घासून नवे केलेले. चौथं आता सावत्र वाटत नाही, चौघं सख्खी भावंडं दिसतात. हे स्टूल ओढून समोर बसून राहिले, जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

चार दिवस झाले, आवाज नाही. मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. दिवा लावताना म्हाताऱ्याचा शब्द आठवतो — तेच. शेवटी ठरवलं, टोपडं, मोजे, पट्टा सगळं उसवायचं आणि पांघरूण होतं तसं विणून द्यायचं. धागा तर अखंडच आहे. फक्त टोपड्या-मोज्यांपाशी आणि पट्ट्यापाशी तोडला, तेवढ्या गाठी येतील.

लेकीकडे पट्टा मागितला.

"नाही देणार."

"अगं, दुसरा देते विणून."

"त्याला थंडी वाजते, आई."

"कुणाला?"

पट्टा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "बाळाला. आणखी कुणाला?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. परवापासून आंघोळीलासुद्धा पट्टा सोडलेला नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

म्हातारा आला. सेटपुढे बसला, मोठ्या ड्रमवर पायाने एकच ठोका दिला. मऊ, खोल आवाज. ह्यांचा चेहरा असा फुलला! म्हातारा मात्र खाली वाकला, ड्रमला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला.

मग वर बघितलं. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

मी सगळं सांगून टाकलं. निरोप, चिंध्या, उसवणं. हे खाली बघत होते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी ह्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले आणि ते परक्या माणसासमोर कबूल केलं. धरणी दुभंगावी असं झालं.

म्हातारा रागावला नाही. तुटक तुटक बोलला. बँडबरोबर हिंडायचा तो, आज इथे, उद्या तिथे. बायकोने पांघरूण आधीच विणून ठेवलं होतं. बाळंतपणात ती गेली, मूल वाचलं. "पाळणा कुठून आणू? ह्यातच निजवायचो, एका बाजूचं कातडं काढून. छान झोपायचा. रोज दुपारी तीनला उठायचा, पायाने लाकडावर धपाधपा करायचा. दहा महिन्यांचा होता. एक दिवस तीन वाजले आणि उठलाच नाही."

ड्रमवर हात ठेवून — "मग पांघरूण आतच ठेवलं. ऊब असली की गप्प असतो तो."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "दादा, तस्संच परत विणून देते."

"कशाला लावलीत लोकर?"

"लेकीला. पोटावर बांधायला. आठवा संपत आलाय तिचा."

त्याने टोपी काढली. दोन्ही खेपांत पहिल्यांदा. डोकं अगदी पांढरं. "आता उसवू नका," म्हणाला.

लहान तिन्ही ड्रम नेले. मोठा ठेवला. हे म्हणाले, "अहो, ह्याच्याविना सेट कसला!" तर म्हणे, "मी त्याच्यासाठी ओझं वाहत होतो. आता त्यात कोणी नाही."

दारातून वळून मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पालथं नका झोपवू. आवडत नाही त्याला."

शनिवार, २२ नोव्हेंबर

हे बोलत नाहीत. पान वाढलं, जेवले. मोठ्या ड्रमचं एका बाजूचं कातडं उतरवून ठेवलंय. का, ते मी विचारलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. पोटावर नळी ठेवली, सरकवली, परत पहिल्या जागी ठेवली. म्हणाल्या, "ठोके दोन आहेत. आधीच्या फोटोत तर एकच दिसलं होतं! मागे लपलं असेल." लेकीला नवल वाटलं नाही.

उरलेली लोकर काट्यावर ठेवून पाहिली. आणखी एक टोपडं आणि मोजे आरामात होतील. पाळणा एकच सांगितलाय. दुसरा आणायला नको.

आहे घरात.