आसनगावला जाऊन येते

४ ऑक्टोबर, शनिवार

पोचले बाई एकदाची! आयर्लंडमधलं कॉर्क नावाचं शहर, तिसरा मजला, एक खोली, एक स्वयंपाकघर आणि खिडकीखाली नदी. आपल्या भातसेपेक्षा फार मोठी नाही, पण काठावर बाकडी टाकून मिजास केवढी! आधीचा भाडेकरू एक लाकडी स्टूल सोडून गेलाय, तेच माझं पहिलं फर्निचर. रुपाने, म्हणजे माझ्या भावाच्या, संदेशच्या बायकोने, बॅगेत पाच किलो तांदळाचं पीठ कोंबलंय. विमानतळावरचा साहेब पिशवी अशी हुंगत होता, वाटलं आता याला भाकरी थापून दाखवावी लागणार.

थंडीचे बूट घेतले. डावा जरा सैल होतो. त्या पायाची करंगळी लहानपणी भात कापताना विळ्याने नेली. तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, मला खांद्यावर टाकून सापगावहून शहापूरपर्यंत पळत नेलं होतं.

सोमवारपासून कामावर. म्हाताऱ्या माणसांचं केंद्र आहे, मी तिथली नर्स. परक्यांच्या आईबापांना भरवायचं आणि पुसायचं.

आबांना खरं सांगून आले नाही. अर्धांगापासून त्यांचा डावा पाय फरफटतो, आणि मी घरी आल्याशिवाय ते जेवत नाहीत. दोघांची ताटं झाकून ओटीवर बसून राहतात. त्यांना कसं सांगणार? आसनगावला जाऊन येते, संध्याकाळी येते, एवढंच म्हटलं. बरं म्हणाले. माझा चुलता मेला तेव्हाही ते नुसतं बरं म्हणाले होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काम जमतंय. एक आजोबा मला रोज नवीन नावाने हाक मारतात, मीही ओ देते.

परवा संदेशचा फोन आला. आबा रोज संध्याकाळी दोन ताटं झाकून बसतात म्हणे. रुपाने कितीही विनवलं तरी घास घेत नाहीत, सकाळचा चहा आणि दुपारी थोडी पेज, बस. संदेश म्हणाला, ताई, तू एकदा व्हिडिओवर दिस आणि खरं सांगून टाक. उद्या करते म्हटलं.

केला नाही. माझी हिंमतच झाली नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आबा गेले. काल संध्याकाळी, ओटीवर, बसल्या बसल्या. बाजूला दोन्ही ताटं तशीच होती.

संदेशला सांगितलं, रजा मिळत नाही. खोटं. मी मागितलीच नाही. त्यांचं तोंड बघायची लाज वाटली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तिकडे घरी, जीव गेला त्या जागी, रीतीप्रमाणे पीठ पसरून दिवा ठेवला होता, वर टोपली. गेलेला माणूस जाताना त्यावर पाऊल उमटवून जातो. आज सकाळी टोपली उचलली तर पिठावर साधी रेघ नाही. भागीआत्या, आबांची थोरली बहीण, फोनवर म्हणाली, "त्यो गेलाच नाय गो अजून. तुला टाकून कसा जेवंल नि कसा जाईल?"

१८ ऑक्टोबर, शनिवार

कामावरून आले तर पिठाची पिशवी आडवी, स्वयंपाकघरभर पीठ. दाराला कुलूप होतं, खिडकी बंद.

पिठावर उजव्या पायाचा ठसा. शेजारी लांब फरफटल्याची रेघ. परत ठसा. परत रेघ.

झाडू हातात घेतला. झाडवेना. आबांना कसं झाडून टाकू?

२० ऑक्टोबर, सोमवार

स्टूल आता दाराजवळ आहे. मी हलवलेलं नाही.

स्टुलासमोर जमिनीवर दोन ताटं झाकलेली. एकावरचं झाकण उचललं. आपल्या शेतातला लाल भात, वाफ निघतेय. झाकण परत ठेवलं आणि बाहेर नदीवर जाऊन बसले, पाऊस असूनही.

भागीआत्याला विचारलं. ती म्हणाली, खोटं बोलून निघालीस ना, आता खरं बोल. येनार नाय म्हणून सांग त्याला. मग तो जेवंल नि जाईल वाटंला. पन तू त्या ताटाला हात लावू नको.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी स्टुलासमोर उभी राहिले. आबा, म्हटलं. पुढे सगळं पाठ केलं होतं. तोंडातून निघालं — जाऊन येते, संध्याकाळी येते.

स्टूल करकरलं. कोणीतरी नीट टेकून बसलं, वाट बघायला.

काय माणूस आहे मी.

२२ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळ

सांगितलं. शेवटी सांगितलं. आबा, मी आसनगावला गेले नव्हते. मी परत येणार नव्हते —

आबा म्हणाले, ठावं होतं. आसनगावला जायाला येवढी मोठी बॅग कोन नेतो गो. तुजी गाडी चुकू नये म्हनून बोललो नाय. तू येनार नाय, म्हनून मीच आलो. बस. भूक लागली.

नऊ दिवस उपाशी. माझ्यामुळे. आत्याने सांगितलेलं आठवत होतं, पण —

बसले. जेवले. दोघं जेवलो.

२३ ऑक्टोबर

हलकं वाटतंय. भूक नाही. थंडी नाही. आबा दारात उभे, चल म्हणतात —

संदेशने फोटो पाठवला. आज दहावा. आत्याने काल परत पीठ पसरायला लावलं होतं. आज पाऊल उमटलं. बाईचं. डावं. करंगळी नाही —

फोन वाजला. उचलला. मी बोलतेय, तो नुसता ताई, ताई करतोय, रडतोय. संदेश, इथेच आहे रे मी — त्याला ऐकू जात नाही —

स्वयंपाकघरात पीठ तसंच आहे. मघाशी त्यावरून चालत गेले, अनवाणी, दारापर्यंत. परत आले. वाकून बघितलं. आबांची पावलं आहेत. माझं एकही