ताट ज्याचं त्यानं

माय, रविवारी दुपारी सव्वातीन वाजता लातूरच्या थेटरात, भरल्या खुर्च्यांसमोर, सिनेमावाल्यांनी तुला हात जोडून रडायला लावलं. ज्या लेखकावर सिनेमा काढलाय तो आपल्या नांदेडच्या घरी जेवतो, आणि पडद्यावरची तू पदर डोळ्यांना लावून म्हणतेस, "आम्हा बौद्धांच्या घरचा घास तुम्ही खाल्लात सर, जन्माचं सार्थक झालं." वर बासरी. तू! जिनं हेडमास्तरालासुद्धा कधी 'उपकार झाले' म्हटलं नाही.

खरा दिवस मला अजून दिसतो. मी कॉन्व्हेंटच्या निळ्या फ्रॉकमध्ये स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. लेखक, त्याचा वकील मित्र आणि कॉलेजातले दोन प्राध्यापक समतेवर तावातावानं बोलत जेवताहेत. आपल्या घरी ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं, वडील म्हणून अण्णांनाही त्यातून सूट नव्हती. लेखक ताट तसंच टाकून उठतो. तू म्हणतेस, "भाऊ, समता मोरीपर्यंत येऊ द्या की. राख तिथंच हाय." वकील खो खो हसतो, "घ्या साहेब, आता लिहा यावर!" लेखक लाल होतो, पण बाह्या सरसावतो. तू तिथंच उभी. "मागून बी घासा. मागची बाजू काय शेजाऱ्याची हाय?" शेवटी तोही हसला. त्यानंतर तो कधीही आला, की जेवण झाल्यावर ताट उचलून थेट मोरीत. मी त्याला मोठा मानते ते एवढ्यासाठी. पुस्तकं तर पुष्कळजण लिहितात.

हे सगळं मी दिग्दर्शकाला घरी बसवून सांगितलं होतं. सोमवारी जाब विचारला तर फोनवर म्हणतो, "आजी, नायक भांडी घासताना लोकांना बघवत नाही. पण आईंचं पात्र किती हृद्य झालंय!" मी म्हटलं, "हृद्य तुझ्या आईला कर." मग त्यानं मला येत्या शुक्रवारी उदगीरच्या खेळाला बोलावलं, मंचावर तुझ्या वतीनं शाल घ्यायला.

शाल त्यांची त्यांनी पांघरावी. मी माईक घेणार आहे. तुझं मोरीचं वाक्य तुझ्यासारखं ठणकावून म्हणू, की सिस्टरांनी शिकवलं तसं खालच्या आवाजात, ते गुरुवारी संध्याकाळच्या आत लेखी कळव. तू गेलीस तिकडं पोचायला हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही लिही. आवाजाचं विचारते एवढ्यासाठी, की रविवारी थेटरात शेजारच्या खुर्चीतली बाई डोळे पुसत म्हणाली, "किती साधी माणसं होती हो!" आणि मी, तुझी लेक, नुसतं "हो ना" म्हणाले.