लाल दिव्यावरची टिकली

अवो बॅटरीवाले,

हसू नका. जित्तेपणी तुमाला दोन ओळी लिहिल्या न्हाईत, अन् आता अख्खं पत्र! पर काल तळ्यात तुमच्या बुडालेल्या नावेच्या छपराचा पाइप दिसला. पाऊस न्हाई, पाणी रोज वीतभर खाली चाललंय. आठ दिसांत सगळी नाव उघडी पडंल. म्हणून लिहायले.

किती मिजास त्या नावेची! "डिझेल न्हाई, धूर न्हाई, बॅटरीवर पळती!" मी म्हणायची, "मग लगीन तिच्याशीच लावायचं हुतं की!" अन् तुमी काठाला बांधलेल्या तिच्याच बॅटऱ्यांतून आपल्या काठावरच्या घरात वायर ओढली, इन्वर्टर बसवला. गावात लाइट गेली की आपलाच पंखा फिरायचा, शेजारणी मालिका बघायला यायच्या. "उदगीर जिल्हा झाला की कलेक्टरीन तूच," म्हणायचात.

तुमचा नियम एकच. नावेतला लाल दिवा लागला की घरचं सगळं बंद. उरलेली बॅटरी पाण्यासाठी.

त्या दुपारी दिवा लागला. तुमी जेवायलते. मालिकेतली सासू जिन्यावरून पडायलती, अन् मी टीव्ही बंद करू? नावेत गेले, कपाळाची टिकली काढून दिव्यावर चिकटवली. बघू, हुशार मानसाला कवा कळतंय! जेवण झालं की सांगणारच हुते.

तेवढ्यात तळ्याच्या पल्याडहून उतारूची हाक आली. तुमी वायर काढून निघालात. टीव्ही बंद पडला म्हणून मी उलटी तुमच्यावरच रुसले. बोललेच न्हाई! एक शब्द का न्हाई बोलले हो मी?

मधोमध नाव थांबली. वारं सुटलं. तुमी वाकून काहीतरी बघायलते, ते काठावरून दिसलं मला. टिकली सापडली का? हसलात, का शिवी घातलीत? मग लाटा आत आल्या, अन् बॅटऱ्यांच्या वजनानं नाव तळाला गेली. तुमाला घेऊनच.

चार्जिंगचं काम भाऊजीकडं. गावानं त्यांनाच धरलं, "सख्ख्या भावाला रिकाम्या बॅटरीवर धाडलं." तवापासून ते पारावर बसत न्हाईत. टँकर आला की आपल्या दारात घागर ठेवतात, मान खाली घालून जातात. एकदाच म्हणाले, "वैनी, चार्जिंग लावलं हुतं हो मी." मी म्हटलं, "असंल." एवढंच!

अन् काल पाइप बघून मनात पयलं काय आलं, सांगू? इतक्या दिसांत टिकलीचा डिंक सुटला असंल, आता कुणाला कळणार न्हाई. मला माझीच भीती वाटली.

म्हणून शब्द देते. टिकली तिथं असो, नसो. उद्या भाऊजी घागर घेऊन आले की त्यांना उंबऱ्यात बसवून पयलं त्यांना सांगीन. नाव उघडी पडली की त्यांच्या म्होरं चिखलात उतरीन, अन् दिव्यावर बोट ठेवून गावाला सांगीन, हितं टिकली हुती, ती माझी. मग भाऊजी मला वैनी म्हणोत, न म्हणोत.

रुसवा सोडून बोलायला लागलेली,
मंदा